अडकलेली कात

९ जानेवारी, मिनियापोलिस

दुसरी पाल आज घरी आली. नातवाच्या वर्गातल्या एका मुलीची थोरली बहीण कॉलेजला गेली, मागे राहिलेल्यांना तिची पाल सांभाळणं जमेना, म्हणून लेकीला विचारणा झाली. आमच्याकडे केशर आधीपासून आहे आणि ती धडधाकट आहे, तेव्हा या घराला पालींमधलं कळतं असा त्यांचा समज. लेकीने हो म्हटलं. संध्याकाळी एका पुठ्ठ्याच्या खोक्यातून काचेची पेटी, लाल बल्ब, तळाची वाळू आणि कोरडी ठणठणीत पाण्याची वाटी असा सगळा संसार दारात आला.

जात केशरचीच, लेपर्ड गेको. पण केशरचं अंग पिवळंधमक, त्यावर काळे ठिपके आणि शेपटी चांगली जाडजूड. या पाली चरबी शेपटीत साठवतात, त्यामुळे शेपटीकडे बघितलं की खाण्यापिण्याची कथा कळते. हिच्या शेपटीत मणके मोजता येतील. अंग मळकट राखाडी. चारही पायांच्या बोटांवर जुन्या कातीचे थरावर थर, काही पांढरे, काही पिवळट पडलेले. शेपटीच्या टोकाला तसंच एक कडं. उजवा डोळा मिटलेला आणि पापणीच्या कडेला वाळलेला पापुद्रा. नातवाच्या छोट्या काट्यावर वजन केलं, ३६ ग्रॅम. एवढ्या लांबीच्या मादीचं पन्नासच्या वर हवं.

नातू चिमटा घेऊन तयारच होता. "आजी, मी एकदम हळू ओढतो. निघेल ते." मी त्याचा हात धरला. कोरडी कात ओढली की तिच्याबरोबर खालची कोवळी त्वचा सोलली जाते, आणि बोटाचं टोक आधीच कमजोर झालं असेल तर ते नखासकट हातात येतं. आज फक्त ऊब, पाणी आणि अंधार. वाळू काढून टाकली, तळाला पेपर टॉवेल अंथरला, वाटी भरून ठेवली. तिने चाचपडत वाटी गाठली आणि बराच वेळ जिभेने पाणी घेत राहिली. बघून बरं वाटलं आणि वाईटही फार वाटलं.

केशर वरच्या खोलीत, ही खाली बेसमेंटमध्ये. चिमटे, वाट्या, पुसायची फडकी सगळं वेगळं. हिला काय रोग आहे, काय नाही, ते कळेपर्यंत दोघींची गाठ पडता कामा नये.


१० जानेवारी

शाळेला सुट्टी, त्यामुळे नातू सकाळपासून मागे लागला होता, की कात अडकतेच का. माझं आयुष्य मुलांना विज्ञान शिकवण्यात गेलं, असे प्रश्न मला सणासारखे वाटतात.

आपली त्वचा रोज कणाकणाने झडते. पालीची एका वेळी सगळी निघते. जुन्या बाह्यत्वचेखाली नवी बाह्यत्वचा पूर्ण तयार होते आणि थोडे दिवस प्राणी दोन कातड्यांमध्ये वावरत असतो. मग दोन्हींच्या मधल्या सांध्यात द्राव उतरतो, विकरं जोड सैल करतात. गेकोंच्या नव्या त्वचेवर तर साध्या डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म काटे उभे राहतात आणि जुना थर वेगळा होण्यात त्यांचाही वाटा असतो. या काळात अंग दुधाळ, फिकट दिसतं. त्यानंतर एक-दोन दिवसांत तोंडाजवळ कात फाटते, आणि पाल ती तोंडाने ओढत, पायातून, बोटातून सोडवत खाऊन टाकते. पिल्लं वाढीच्या वेगाने आठ-पंधरा दिवसांत कात टाकतात, मोठ्या पाली साधारण चार ते आठ आठवड्यांनी. केशरचं हे काम अर्ध्या तासात आटपतं. बहुतेक वेळा रात्रीच होतं, आणि सकाळी कातीचा एक तुकडाही सापडत नाही.

यातला प्रत्येक टप्पा पाण्यावर चालतो. अंगात पाणी कमी असेल तर दोन थर नीट सुटत नाहीत. हवा कोरडी असेल तर सुटलेला थर अंगावरून निघण्याआधीच वाळतो आणि पुन्हा चिकटतो. बोटांची टोकं आणि शेपटीचा शेंडा हे सगळ्यात बारीक भाग, तिथे हे आधी होतं. एक कात राहिली की पुढची तिच्या आतच अडकते. वाळताना केराटिन आकसतं आणि बोटाभोवती आवळत जातं.

नातवाच्या करंगळीला मी शिवणाचा दोरा चार-पाच वेढे घालून गुंडाळला आणि थांबायला सांगितलं. बोट आधी लाल झालं, मग जांभळट. त्याने दोरा घाईघाईने सोडला आणि एक शब्द न बोलता खाली बेसमेंटमध्ये तिला बघायला गेला.


१२ जानेवारी

बाहेर उणे २० सेल्सिअस. खोलीतला हायग्रोमीटर आर्द्रता १८ टक्के दाखवतोय.

याचा हिशोब सोपा आहे आणि मला तो फार आवडतो. उणे २० ला एका घनमीटर हवेत जेमतेम १ ग्रॅम बाष्प मावतं. २१ अंशांच्या खोलीत तेवढ्याच हवेत सुमारे १८ ग्रॅम मावतं. बाहेरची हवा आत येऊन फर्नेसमध्ये तापली, की तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं आणि मावायची जागा अठरा पट होते. म्हणजे आर्द्रता पाच-सहा टक्क्यांवर यायला हवी. आपल्या श्वासामुळे, आंघोळीमुळे, डाळ-भात शिजण्यामुळे ती अठरापर्यंत तरी चढते. लेकीचे ओठ फुटलेत, माझ्या टाचांना भेगा पडल्यात. आणि या खोलीत वरून लाल बल्ब लावलेल्या पेटीत ही पाल किती हिवाळे बसली असेल.

लेपर्ड गेको म्हणजे वाळवंटातली पाल, तिला कोरडंच लागतं, असं दुकानांमधून सर्रास सांगतात. हे अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्याने फार नुकसान केलंय. एडवर्ड ब्लाइथ हे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचं संग्रहालय सांभाळत असताना त्यांनी १८५४ साली या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, ते पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेतल्या नमुन्यावरून. ती रांग आता पाकिस्तानात आहे. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारताचा वायव्य भाग हा हिचा मुलूख. तो कोरडा आहे, पण वाळूच्या टेकड्यांचा नव्हे, खडकाळ आणि झुडपी. आणि ही पाल दिवसा त्या कोरड्या हवेत नसतेच. ती असते दगडांच्या कपारीत, बिळात, जमिनीखाली. मे महिन्यात आमच्या नाशिककडच्या माळावर मोठा धोंडा उलटला तरी खालची माती हाताला गार आणि ओलसर लागते. हिचं खरं घर तिथे. रात्री गार पडल्यावर ती बाहेर येते, शिकार करते आणि उजाडायच्या आत ओलीत परत जाते. पेटीत आपण तिला वरचा माळ देतो आणि खालचं बीळ द्यायचं विसरतो. माझ्या मते अडकलेल्या कातींपैकी बऱ्याचशांचं मूळ एवढ्यातच आहे.

तर आज बीळ तयार केलं. श्रीखंडाचा रिकामा डबा, झाकणासकट. एका बाजूला पालीला सहज आत जाता येईल एवढं भोक पाडलं आणि त्याची कड मेणबत्तीवर तापवलेल्या चमच्याने गुळगुळीत केली, नाहीतर पोट खरचटतं. आत भिजवून पिळलेलं स्फॅग्नम शेवाळ. हे शेवाळ स्वतःच्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी धरून ठेवतं, म्हणून ते पेपर टॉवेलपेक्षा बरं. डबा पेटीच्या उबदार बाजूला ठेवला. गार बाजूला ठेवला असता तर आत नुसती थंडगार ओल झाली असती आणि ती छातीला बाधते. लाल बल्ब काढला. त्याऐवजी पेटीखाली हीट मॅट आणि तिला थर्मोस्टॅट, उबदार बाजूची जमीन ३२ अंशांवर, दुसरी बाजू पंचविसाच्या आसपास. संध्याकाळी डब्यातली आर्द्रता मोजली, ७८. बाहेर पेटीत ३५. हवं तेच.

सगळी पेटी ओली करायची नाही, हे नातवाला दोनदा बजावलं. चोवीस तास ओलसर बिछान्यावर राहिली तर याच जातीच्या पोटाला आणि पायांना चट्टे पडून सडायला लागतं. ओल एका खोलीत, बाकी घर कोरडं. कुठे बसायचं ते तिचं तिने ठरवावं.


१४ जानेवारी

संक्रांत. तिळाच्या वड्या काल रात्रीच थापून ठेवल्या होत्या, कारण आज सकाळी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांची वेळ मिळाली. अर्जावर पालीचं नाव विचारलं होतं. नातवाने दोन्हीकडे बघितलं, पेटीतल्या पांढुरक्या, अंगभर बारीक उठाव असलेल्या पालीकडे आणि मी सोबत घेतलेल्या काटेरी हलव्याच्या पुडीकडे, आणि लिहून टाकलं, हलवा.

डॉक्टरीणबाई तरुण, पण हात फार शांत. लेपर्ड गेकोला हलणाऱ्या पापण्या असतात, बहुतेक गेकोंना नसतात. त्यामुळे हिचा त्रास वेगळ्या जागी होतो. कात पापणीच्या आत अडकते, त्यावर स्राव साचून घट्ट गोळा होतो, आणि पाल डोळा उघडू शकत नाही. ती नजरेवर शिकार करते. दिसत नाही म्हणून खात नाही, खात नाही म्हणून त्वचा आणखी वाईट, असं ते एकमेकांना ओढत नेतं. बाईंनी निर्जंतुक सलाइनने डोळा पुन्हापुन्हा धुतला, भिंगाखाली बोथट चिमट्याने तो गोळा अलगद काढला. आत कातीचे दोन-तीन पदर होते. मग हिरवट चमकणारा रंग टाकून बुबुळ तपासलं. लहानसा ओरखडा आहे. मलम दिलं, स्टेरॉइड नसलेलं, कारण ओरखडा असताना स्टेरॉइड घातलं तर तो भरत नाही. घरातल्या जुन्या मलमाची ट्यूब उचलून कुणी असल्या डोळ्यात घालू नये ते यासाठी.

मी अ जीवनसत्त्वाबद्दल विचारलं. त्याच्या कमतरतेने पापण्यांचं आणि डोळ्याच्या ग्रंथींचं अस्तर जाड होतं आणि कात अडकते, हे मी वाचलं होतं. बाई म्हणाल्या, शंका आहेच, पण इंजेक्शन देणार नाही, आहारातूनच हळूहळू देऊ. त्याचा डोस जास्त झाला तर त्वचाच सुटून यायला लागते. मला हे पटलं. आजारी जिवाला एकदम सगळं देऊन टाकावंसं वाटतं, आणि तेच घातक ठरतं.

बोटांकडे त्यांनी सगळ्यात जास्त वेळ बघितलं. डाव्या मागच्या पायाची दोन बोटं कड्याच्या पुढे काळी पडलीत. त्यातलं एक वाचेल कदाचित. एक नाही. नातू ऐकत होता. त्यांनी त्याच्यापासून काही लपवलं नाही, हे मला आवडलं.

विष्ठेचा नमुना दिला. जंत बघतील, आणि क्रिप्टोस्पोरिडियम आहे का ते मुख्य. त्या परजीवीने शेपटी अशीच वाळते आणि त्यावर खात्रीचा उपाय नाही.


१८ जानेवारी

नमुन्याचा निकाल आला. थोडे सुतासारखे कृमी आहेत, औषध मिळालं. क्रिप्टो नाही. लेकीने फोन ठेवला आणि मला मिठीच मारली.

रोज संध्याकाळी भिजवणं चालू आहे. झाकणाला भोकं पाडलेला पसरट डबा, तळाला पेपर टॉवेल म्हणजे पाय घसरत नाहीत, आणि २९-३० अंशांचं पाणी. आपल्या हाताला ते कोमटही लागत नाही, जरा गारच वाटतं. आपल्याला सुखाचं वाटणारं गरम पाणी तिला भाजतं, म्हणून थर्मामीटर. पाणी फक्त पावलं बुडतील एवढं, पोटाच्या वर नाही, कारण थकलेली पाल अगदी थोड्या पाण्यातही बुडू शकते. पंधरा-वीस मिनिटं, आणि त्या वेळात उठून जायचं नाही. डबा उबदार राहावा म्हणून हीट मॅटच्या कडेला.

मग तिला तळहातावर घ्यायचं, तळहातावरच. शेपटीला धरायचं नाही, ही पाल घाबरली की शेपटी टाकते, आणि हिच्याकडे जी काही शिल्लक पुंजी आहे ती तिथेच आहे. ओल्या इअरबडने बोटाच्या बुडापासून टोकाकडे हलकेच लोळवायचं. कात स्वतः सुटली असेल तर ती इअरबडवर गुंडाळत येते. सुटली नसेल तर येत नाही, आणि मग त्या दिवशी ते बोट सोडून द्यायचं. आज पुढच्या दोन्ही पायांवरचे वरचे थर निघाले. खाली आणखी आहेत. तेल लावा, मध लावा, असे सल्ले चार ठिकाणांहून आले. मी पाण्यावरच आहे. तेल नाकपुडीत आणि डोळ्यात जातं, आणि त्वचेला पाणी मिळायचं तेच अडवतं.

नंतर हात साबणाने कोपरापर्यंत. निरोगी दिसणाऱ्या पालीच्या अंगावरही साल्मोनेला असू शकतो. भिजवायचा डबा स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायचा नाही, हा नियम जावईबापूंनी केला आणि तो बरोबर आहे.


२१ जानेवारी

भयंकर थंडी. दिवसभर एकच काळजी, वीज गेली तर हीट मॅटचं काय. गेली नाही. हलवा डब्यात, केशर डब्यात, आम्ही रजईत.


२७ जानेवारी

आज शेपटीचं कडं निघालं. भिजवल्यावर ते फुगून पांढरं झालं होतं. इअरबड टेकवला आणि ते नुसतं फिरायला लागलं, अजिबात जोर न लावता. खालची त्वचा गुलाबी, जिवंत. कड्याच्या जागी खाच राहिली आहे, पण पुढचा शेंडा काळा नाही.

पुढच्या पायांची सगळी बोटं मोकळी. मागच्या उजव्या पायाचीही. डाव्यावर तीन बोटांचं काम अजून बाकी आहे. नातू आता चिमटा मागत नाही. तो भिंग घेऊन बसतो आणि मला सांगतो, "आजी, ही कड उचललीय, पण मधे चिकटलेलं आहे, आज नको." त्याला कड दिसते, मला चष्मा लावूनही दिसत नाही, त्यामुळे हे ठरवणं त्याच्याकडे दिलं आहे.


३ फेब्रुवारी

डोळा आज पहिल्यांदा पूर्ण उघडा. आणि लगेच शिकार. रातकिडा पेटीत सोडला तसं तिने शेपटीचं टोक थरथरवलं, मान वाकडी केली, झेप घेतली. पहिली चुकली, दुसरी नाही. आतापर्यंत चिमट्याने तोंडाशी धरून एकेक भरवावा लागत होता.

खाण्याबद्दल दोन शब्द लिहून ठेवते, कारण कातीचं अर्धं काम पोटातून होतं. रातकिडे दुकानातून आणल्याआणल्या द्यायचे नाहीत. एक-दोन दिवस त्यांना गाजर, पालेभाजी, ओट घालून पोसायचं, म्हणजे त्यांच्या पोटातलं पालीच्या पोटात जातं. मग कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायचे, आणि आठवड्यातून एक-दोनदा ड३ आणि अ असलेल्या जीवनसत्त्वांच्या भुकटीत. अ जीवनसत्त्व भुकटीत तयार स्वरूपात, रेटिनॉल म्हणून, आहे ना, ते लेबलवर बघायचं. नुसतं बीटा-कॅरोटिन असेल तर कीटकभक्षी पालींना त्यापासून अ कितपत बनवता येतं याची खात्री देता येत नाही. आधीच्या घरातून आलेल्या बरणीवरची मुदत केव्हाच संपलेली होती.

वजन ४१.


९ फेब्रुवारी

नातवाच्या एका मित्राच्या आईचा फोन. त्यांच्याकडे क्रेस्टेड गेको आहे आणि तो काचेवरून घसरून पडतोय. आमची कीर्ती पसरलेली दिसते. पण हा प्राणी पूर्ण वेगळा, आणि हलवासाठी केलेलं सगळं त्याला जसंच्या तसं लागू नाही, हे आधी सांगितलं.

क्रेस्टेड गेको ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या न्यू कॅलेडोनियातला, दमट जंगलात झाडांवर राहणारा. तो नामशेष झाला असं समजत होते, १९९४ साली पुन्हा सापडला, आणि आज घराघरांत पाळला जातो. त्याला पापण्या नाहीत. डोळ्यावर पारदर्शक आवरण असतं, ते तो जिभेने चाटून साफ ठेवतो, आणि कातीबरोबर त्याचाही वरचा थर निघतो. ते आवरण सोलायचा प्रयत्न घरी कुणी करू नये, त्याखाली थेट डोळाच असतो. त्याची बोटं चपटी, खाली सूक्ष्म केसांच्या पट्ट्या, त्यांच्यावर तो काचेला धरून चढतो. लेपर्ड गेकोला त्या पट्ट्याच नाहीत, ती नखांवर चालते. क्रेस्टेडच्या पट्ट्यांवर कात राहिली की पकड जाते. पडण्याचं कारण बहुधा तेच.

त्याला एक ओला डबा पुरत नाही, सगळी पेटीच संध्याकाळी फवारून ८० टक्क्यांपर्यंत न्यावी लागते आणि दिवसा पन्नासाच्या आसपास उतरू द्यावी लागते. उतरू देणंही तितकंच गरजेचं. त्या बाई सकाळी एकदा फवारत होत्या आणि फर्नेस दुपारपर्यंत सगळं वाळवून टाकत होता. फवारणी रात्रीवर न्यायला आणि पावलं ओल्या पेपर टॉवेलवर चालवायला सांगितलं. ओल्या टॉवेलवर तो स्वतः चालतो, त्या घर्षणाने कात सुटते, आपल्याला बोट धरून ओढावं लागत नाही. दोन-तीन दिवसांत फरक नाही पडला तर डॉक्टरांकडे न्या, हेही सांगितलं.


१६ फेब्रुवारी

ते बोट आज गळलं. डाव्या मागच्या पायाचं, सगळ्यात बाहेरचं. सकाळी पेपर टॉवेलवर पडलेलं नातवाला दिसलं, तांदळाच्या दाण्याहून लहान, काळं. रक्त नाही, सूज नाही. डॉक्टरीणबाईंना फोटो पाठवला, त्यांनी लिहिलं, जखम कोरडी आणि स्वच्छ आहे, काही करू नका, फक्त नजर ठेवा.

नातू शाळेतून आल्यावर रडला. शेपटी परत येते, बोट का येत नाही, असं विचारत होता. शेपटीची फारकत होण्याची जागा मणक्यांमध्ये जन्मापासून ठरलेली असते आणि शरीर तिथे पुन्हा उभारणी करू शकतं. बोटाला अशी सोय नाही. मी त्याला समजावलं, पण थोपटलं नाही. रडण्यासारखीच गोष्ट होती. हे बोट पाण्याच्या एका भरलेल्या वाटीने आणि ओल्या शेवाळाने वाचलं असतं. शेजारचं बोट वाचलं आहे, काळेपणा नखाच्या आसपासच थांबला.


२२ फेब्रुवारी

रात्री झोप येईना तेव्हा गावाकडचं आठवत होतं. महाराष्ट्रात, गुजरातेत हिची सख्खी भावंडं रानात आहेत, पश्चिम भारतातली लेपर्ड गेको, शास्त्रीय नाव युब्लेफॅरिस फ्युस्कस. रात्री कंदील घेऊन बांधावरून जाताना एखादी दिसते. ठिपकेदार, जाड शेपटीची, पापण्या मिटून उघडणारी, आणि भिंतीवरच्या पालीसारखी पळून न जाता पायांवर उंच उभी राहणारी. लोक तिला जहरी समजतात आणि दगडाने ठेचतात. कुठलीही गेको विषारी नसते. माझ्या वर्गातल्या एका मुलाने एकदा मेलेली आणून दाखवली होती, त्याच्या काकाने मारलेली. बाकीचा तास मी तिच्यावरच शिकवला. धड्यातलं त्या दिवशी राहिलं.

नातवाला सांगितलं तर म्हणाला, मग तिकडून एक आणू. रानातली पाल रानातच राहिली पाहिजे, तिला तिच्या धोंड्याखाली सगळं मिळतं. हलवा आणि केशर पिढ्यानपिढ्या पेटीत जन्मलेल्या, त्यांना तो धोंडा आपणच करून द्यायला लागतो.


६ मार्च

दुपारपासून अंग फिकट. ठिपके धुरकट झालेत, रातकिड्याकडे बघत नाही, डब्यातून बाहेर यायला तयार नाही. आमच्या घरातली तिची पहिली कात. शेवाळावर पाणी शिंपडलं आणि पेटीवर फडकं टाकलं. नातवाला दार उघडून बघायला मनाई. या वेळी त्रास दिला की अर्ध्यावर सोडून देतात.


७ मार्च

पहाटे पाणी प्यायला उठले तेव्हा तिचं चालू होतं. फडक्याची कड उचलून बघत राहिले. नाकावरची कात फाटून मानेपर्यंत मागे गेली होती. डब्याच्या भोकाच्या कडेला ती गाल घासत होती, एकदा इकडून, एकदा तिकडून. उजव्या डोळ्यावरची कात निघाली तेव्हा ती दोन्ही पापण्या घट्ट मिटून उघडत राहिली, पुन्हापुन्हा. मग मान वळवून खांद्यावरचं तोंडात धरलं आणि ओढलं. पुढचा पाय सोडवताना प्रत्येक बोट वेगळं तोंडात घेतलं, टोकापर्यंत गेली, मग दुसरं. घाई नाही. मागच्या डाव्या पायाला सगळ्यात जास्त वेळ लागला. बोट नाही त्या जागीही ती दोनदा गेली.

सकाळी नातवाने भिंगाने तपासलं. एकोणीसपैकी अठरा बोटं स्वच्छ. वाचलेल्या त्या काळपट बोटाच्या नखाशी एक पापुद्रा राहिला होता. संध्याकाळी भिजवल्यावर तो इअरबडला आला. डोळे स्वच्छ. ठिपके इतके ठळक की ही तीच पाल आहे यावर लेकीचा विश्वास बसेना.

वजन ४९.


१६ मार्च

डॉक्टरांकडे दुसरी फेरी. बुबुळावरचा ओरखडा भरला आहे. कृमींसाठी पुन्हा नमुना दिला, तो साफ आला तर वेगळं ठेवणं संपेल, पण पेट्या वेगळ्याच राहतील. या पाली एकमेकींच्या सोबतीच्या भुकेल्या नसतात, एका पेटीत ठेवल्या तर दुबळी उपाशी राहते.

क्रेस्टेडवाल्या बाईंचा निरोप आला. त्यांच्या गेकोच्या पट्ट्या मोकळ्या झाल्या, पुन्हा काचेवर चढतो आहे.

पुढच्या आठवड्यात मी परत निघते. नातवाने भिंतीवर वेळापत्रक लावलं आहे. कात टाकल्याची तारीख लिहायची, दुसऱ्या दिवशी बोटं, शेपटीचा शेंडा आणि पापण्या भिंगाने बघायच्या. फर्नेस चालू आहे तोवर शेवाळ एक दिवसाआड ओलं करायचं, उन्हाळ्यात बाहेरची हवा दमट झाली की हायग्रोमीटर बघून ठरवायचं. शेवाळाला वास आला तर लगेच फेकायचं. अडकलेलं काही चार दिवस भिजवूनही सुटलं नाही, किंवा डोळा बंद दिसला, तर भिजवत बसायचं नाही, बाईंना फोन. तिसऱ्या ओळीत त्याने उन्हाळ्यासाठी लिहिलेला आर्द्रतेचा आकडा मला जरा जास्त वाटला, त्यावर आमचा अर्धा तास वाद झाला आणि सत्तर ठरला. शेवाळाची नवी पिशवी उद्या आणायची आहे.